सहा इंची नळी

१९ जानेवारी

लोरेटा,

डॅडींनी सांगितलं म्हणून लिहितेय. माझ्याकडे लिहायला काही कारण नाही हे तुलाही ठाऊक आहे. सहा वर्षांत तू फोन केलेस ते डॅडींना, आणि मला एकदा, डॅडी म्हणतात, कमरेचा चामडी पट्टा पाठवलास, तो मी पाकीटसुद्धा न फोडता परत धाडला. म्हणजे आपलं कसं छान चाललं होतं. पण काल म्हातारा म्हणाला, "बहिणीला चार ओळी खरडल्यास तर बोटं झडणार नाहीत तुझी."

तर बातमी अशी की तुझं पार्सल पोचलं. दारात टपालवाल्याकडून मी घेतलं आणि डॅडींनी ते माझ्या हातातून जवळजवळ हिसकावलं. पण पाठवणारीचं नाव मी वाचलंच. मग शेडच्या दाराच्या फटीतून पाहिलंही. हो, पाहिलं. पिस्तुलाची नवी नळी, नऊ मिलिमीटरची, सहा इंची. आपल्या पिस्तुलांच्या मूळ नळीपेक्षा एक इंच जास्त. कारखान्यातून मुद्दाम जाडसर ठेवलेली, कानस मारून एकाच पिस्तुलाला बेतून बसवायची. पार्सल जड होतं, म्हणजे त्यात तुझ्या पिस्तुलाची वरची सरकती स्लाइडही असणार, नळी तिच्यातच बसवून बघायची ना.

तिकडे ॲरिझोनात बंदुका दुरुस्त करणारी माणसं नाहीत का गं? डॅडी चौऱ्याऐंशीचे झालेत. कॉफीचा कप बशीपर्यंत नेताना निम्मी कॉफी टेबलाला पाजतात. शेडवरची बंदूक-दुरुस्तीची पाटी त्यांनी स्वतः उतरवली. गेल्या वर्षी मी म्हटलं होतं, डॅडी, माझ्या पिस्तुलाला एक चांगली नळी बसवून द्या. "आता नाही जमत, पोरी," म्हणाले. आणि तुझं पार्सल येताच म्हातारा उठला, आणि सगळ्या कानशी पुसून ओळीने मांडून ठेवल्या.

माझ्यासाठी नाही जमलं, तुझ्यासाठी जमतंय. नेहमीसारखंच.

जन्माने बहीण,
डार्ला


९ फेब्रुवारी

लोरेटा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. दोन ओळी. "डॅडींनी काम सुरू केलं का? हात कसे आहेत?" माझी चौकशी नाही. नसू दे.

काम सुरू आहे. सकाळी बिस्किटं आणि ग्रेव्ही खाऊन शेडमध्ये जातात ते बारा वाजेपर्यंत. परवा माझ्या सलूनमध्ये आले. आपलं गाव तुला माहीतच आहे, चार बायका केसांना रंग लावून बसलेल्या, आणि हे आत येऊन म्हणतात, "डार्ला, लिपस्टिक दे एखादी. लाल, भडक."

मॅक्सीन टीग ड्रायरखालून ओरडली, "एमेट, कुणी मिळाली की काय या वयात?"

"मिळाली," म्हणाले. "पोलादाची आहे. तुझ्याइतकी बडबडत नाही."

तुला आठवत असेल, नळीला लिपस्टिकचा हात द्यायचा, ती स्लाइडमध्ये दाबायची, आणि जिथे लाल पुसलं जाईल तिथेच कानस मारायची. एक-दोन हात, जास्त नाही. आपण दोघी त्यांच्या पायाशी बसून ते लाल डाग बघायचो. तू सात वर्षांची असताना डाग बरोबर दाखवलास आणि ते म्हणाले, "हिचा डोळा माझा आहे." मी अकराची होते. माझा डोळा कुणाचा ते कुणी सांगितलं नाही.

तर माझी लिपस्टिक तुझ्या नळीला लागतेय. चांगल्यातली दिली, स्वस्तातली देणार होते.

मला मात्र एक तुकडा टाकतात. दर रविवारी संध्याकाळी माझं पिस्तूल मागून घेतात, "साफ करतो" म्हणून, आणि मंगळवारी देतात. पूर्वी अर्ध्या तासात साफ व्हायचं. वय झालं, दुसरं काय. काल त्याच्या स्लाइडच्या आत लाल लागलेलं दिसलं. तुझ्या कामात बरबटलेल्या हातांनी माझं पिस्तूल हाताळतात, निदान हात तरी पुसावेत ना!

डार्ला


२ मार्च

लोरेटा,

नेमबाजी क्लबात तुझ्या नळीची चर्चा आहे. मी कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त बॉइडला सांगितलं, म्हणजे सगळ्यांना कळलं. बॉइड आता अध्यक्ष आहे, पोट तेवढंच आहे, आवाज वाढलाय. तो म्हणतो, "लोरेटा सहा इंची घेऊन आली तर संपलं. लांब नळी म्हणजे सरळ गोळी."

मी त्याला तिथेच धुतला. म्हटलं, बॉइड, नळी पुढे आली म्हणून नेम पुढे येत नाही. नेम धरायची समोरची खूण स्लाइडवरच राहते, तिथेच, पूर्वी होती तिथे. लांबीने वाढतो तो वेग. दारूला जळायला आणि गोळी ढकलायला जरा जास्त वाट मिळते, इंचामागे सेकंदाला तीस-चाळीस फूट पदरात पडतात. बस, एवढंच. उलट गोळी क्षणभर जास्त आत राहते, तेवढं मनगट स्थिर पाहिजे.

"मग नेम कशात असतो म्हणतेस?" त्याने विचारलं.

"बसवण्यात. दर गोळीला नळी खाली झुकते आणि परत वर येते. परत येऊन केसाचाही फरक न करता त्याच जागी बसली, तर नेम. तो कानशीत असतो. डॅडींच्या."

म्हणजे बघ, तुझीच बाजू मांडून आले. एक इंच तुला वेग देईल, आणि सरळपणा देतील ते डॅडी. दोन्ही तुलाच.

खरं सांगू? मला एवढी जळजळ होतेय की रात्री जेवण उतरत नाही. मी साठ पार केली. लोकांच्या सुनांना समजुतीच्या गोष्टी सांगते, सासूशी जुळवून घे म्हणते. आणि घरी येऊन भिंतीवरच्या तू जिंकलेल्या ढाली पुसते. सात ढाली. माझी एक, तीही तू आजारी होतीस त्या वर्षीची.

डार्ला


२३ मार्च

लोरेटा,

नळी झाली.

काल दुपारी शेडमधून मला हाक मारली. पोलाद आवळून धरणाऱ्या व्हाइसजवळ उभे होते, चष्मा कपाळावर. म्हणाले, "संपलं. आता पुन्हा नाही. ही शेवटची." मग हात पुढे करून दाखवले. वाऱ्यावरच्या कागदासारखे थरथरत होते. "पण कानस धरली की थांबतात," म्हणाले, "गंमत आहे ना?" आणि हसले. मी हसले नाही. मी त्या नळीकडे बघत होते.

राज्य नेमबाजी स्पर्धेपर्यंत ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहील असं त्यांनी जाहीर केलं. "तोपर्यंत तिकडे फिरकायचं नाही," म्हणाले. वर मलाच बजावलं.

तुझ्या कार्डावर फक्त "बसली का?" एवढंच. अधीरपणाला काही मर्यादा? बसली. तुझी वस्तू डब्यात सुरक्षित आहे. आणि तुझी स्लाइड कुठे ठेवलीय ते डॅडींनाच ठाऊक, मला शेडमध्ये कुठे दिसली नाही. तू आणि ते बघून घ्या.

डार्ला


२० एप्रिल

लोरेटा,

इकडे पाऊस आहे, ओढ्यावरचा पूल दोनदा पाण्याखाली गेला. पर्सिमनच्या झाडाला पालवी आली. मॅक्सीनची मुलगी पुन्हा नवऱ्याला सोडून आली, या वेळी मायक्रोवेव्ह घेऊन.

माझा नेम सुधारलाय. सांगायचं नव्हतं, पण बॉइड तुला फोनवर सांगेलच. क्लबच्या दोन सामन्यांत मी पहिली आले. पहिली, लोरेटा. पंचवीस यार्डांवरच्या लोखंडी तबकड्या अशा पडतात की मलाच मागे वळून बघावंसं वाटतं, कुणी दुसरं तर मारत नाही ना. चष्मा बदलला, त्याचा परिणाम असेल.

डॅडींनी विचारलं, "काय, कसं चाललंय पिस्तूल?"

"बरं चाललंय," म्हटलं.

"बरं?" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघून बराच वेळ हसत बसले. म्हातारपणी माणूस कशालाही हसतो.

राज्य स्पर्धेसाठी काडतुसं भरायला घेतलीत. यंदा हलकी भरतेय, दारू थोडी कमी. धक्का कमी बसतो. तरी वेग मोजून पाहिला, वजन गुणिले वेगाचा नियमातला किमान सव्वाशेचा आकडा आरामात ओलांडतात. एकशे अठ्ठावीस येतात. तुला यातलं सगळं माहीतच आहे.

डबा फळीवर आहे. झाकण घट्ट आहे. काळजी करू नकोस.

डार्ला


११ मे

लोरेटा,

"राज्य स्पर्धेला येतेय. तिथेच बघेन." वा! सहा वर्षांनी यायचं, तेही घरी नाही, थेट मैदानावर. आणि येतेस कशाला, तर नळी बघायला. घेऊन जायला, असं सरळ लिही ना.

ये. मैदान काही माझ्या मालकीचं नाही. तुझी वस्तू तुला मिळेल, पुसून, गुंडाळून, जशी होती तशी. माझ्यावर कुणाच्या वस्तूचं ओझं नको. डॅडींनी मला काही दिलं नाही म्हणून मी मेले नाही, यापुढेही मरणार नाही. माझी जुनी पाच इंची आहे, तिच्यावरच मी तुला हरवून दाखवते. डॅडींच्या डोळ्यांसमोर. एवढं एकदा घडू दे, मग भिंतीवर आणखी सात ढाली लाव.

डार्ला


२ जून

लोरेटा,

तू विमानात असशील. हे पत्र तुझ्याआधी घरी पोचणार नाही, पण बोलण्यापेक्षा मला लिहिणंच जमतं, हे तुला कळलंच असेल.

सगळं पहिल्यापासून सांगते. मैदानावर तुला अर्धंच कळलं.

नळी मी मार्चमध्येच डब्यातून काढली. डॅडी दुपारचे झोपले होते. म्हटलं, एकदा घालून बघू, कशी आहे तरी. माझ्या पिस्तुलात ती अशी बसली की मी तीनदा काढून पुन्हा घातली. खट् झालं, आणि मग हलेना, ना वर ना खाली. मनात म्हटलं, आपली दोघींची पिस्तुलं जुळी, एकाच दिवशी घेतलेली, लागोपाठच्या नंबरांची, म्हणून तुझी मला चालली. चाळीस वर्षं त्या शेडचा केर काढलाय मी. लोखंडाचा कीस झाडलाय. "एका साच्यातून दोन काढल्या तरी दोन्ही सारख्या नसतात," हे ऐकतच मोठी झाले. हाताने बसवलेली नळी दुसऱ्या पिस्तुलात अशी बसत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. माझ्या स्लाइडमध्ये लाल दिसलं तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला तुझंच नाव दिसत होतं सगळीकडे. माणूस जळायला लागला की डोळ्यांत धूर जातो.

मग दोन महिने तीच वापरली. दोन्ही सामने तिच्यावर जिंकले. चष्मा जुनाच आहे. मनाशी ठरवलं होतं, राज्य स्पर्धा तिच्यावरच मारायची आणि मग तुला पाठवायची. काडतुसंही तिच्याच हिशेबाने भरली, दारू कमी, कारण त्या एका इंचाने वेग भरून निघत होता. आणि तू येतेस म्हणालीस. तुझ्यासमोर तुझी नळी माझ्या पिस्तुलातून नाक बाहेर काढून बसलेली? मी मेले असते. स्पर्धेच्या सकाळी ती काढली, टॉवेलात गुंडाळली, गाडीत ठेवली, आणि जुनी पाच इंची घातली. मोठी खंबीर वाटत होते स्वतःला. काडतुसांचं डोक्यातच आलं नाही.

पुढचं तू पाहिलंस. बॉइडने वेग मोजायच्या टेबलावर माझी काडतुसं घेतली, माझ्याच पिस्तुलातून यंत्रावरून झाडली, आणि कॅल्क्युलेटरकडे बघत राहिला.

"एकशे तेवीस."

"पुन्हा मार," मी म्हटलं.

त्याने पुन्हा मारल्या. मग टोपी काढली. "डार्ला, माझ्या आईची शपथ, मी काही केलं नाही. सव्वाशेच्या खाली आहेस. आज मजेसाठी मार, गुण धरता येणार नाहीत."

मागे रांगेत तू होतीस. (तुझे केस ज्या बाईने कापलेत तिला तुरुंगात टाकायला पाहिजे, हे तेव्हाही माझ्या मनात आलं.) तू माझ्या पिस्तुलाकडे बघितलंस आणि सहा वर्षांतलं पहिलं वाक्य बोललीस.

"तुझी नळी कुठे आहे?"

"गाडीत. गुंडाळून ठेवलीय. घेऊन जा आणि सुखात राहा."

"मी? मी कशाला नेऊ?"

"नाटकं करू नकोस, लोरेटा. डॅडींनी तुझ्यासाठी दोन महिने कानस मारली."

तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू म्हणालीस, "अगं वेडे, माझं ते पिस्तूल मी चार वर्षांपूर्वीच विकलं. ती माझ्या कशातच बसणार नाही."

आणि सावलीत घडीच्या खुर्चीवर बसलेले डॅडी तिथूनच ओरडले, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं. "दर रविवारी तुझं पिस्तूल मी काय पापी घ्यायला नेत होतो?"

लोक हसले.

मग तू सांगितलंस ते सगळं. मी नळी मागितली तेव्हा ते घाबरले होते. "डार्लाची बिघडली तर पुन्हा मागणार नाही ती," असं तुला फोनवर म्हणाले. लोणच्याच्या बरणीचं झाकण मी टॉवेल धरून उघडते ते त्यांनी पाहिलं होतं. माझी मनगटं गेलीत. तीस वर्षं कात्री आणि ड्रायर. कुणाला सांगितलं नव्हतं. आणि तू म्हणालीस, मग सहा इंची घ्या, तेवढ्याच वेगाला दारू कमी लागेल, तिचे हात वाचतील. नळी मी पाठवते, माझं नाव सांगू नका, नाहीतर पट्ट्यासारखी परत येईल. माझ्या पत्रांतला गैरसमजही तू मुद्दाम तसाच ठेवलास, स्पर्धेआधी डॅडी स्वतःच सांगतील म्हणून. आली असती. खोटं कशाला बोलू? आणि डबा रिकामा दिसला, मी ती घालून मारत होते, तेव्हा म्हाताऱ्याला वाटलं, गुपित फुटलं, पोरगी खुशीत आहे. म्हणून खिडकीबाहेर बघून हसत होता.

मग तू एक वाक्य बोललीस, त्याने मला दोन रात्री झोप नाही. "तुला काय, तुझं पिस्तूल दर रविवारी ते स्वतः खोलतात. माझं ज्याच्याकडे जातं त्याला माझं नावही पावती बघून वाचावं लागतं." हे बोलताना तुझा आवाज अगदी माझ्यासारखा झाला. मला वाटायचं, हा आवाज घरात माझ्याकडेच आहे.

गाडीतून नळी तूच आणलीस. टेबलावर मी ती घातली आणि उरलेले पाचही टप्पे मारले, गुण नसताना. एकही तबकडी उभी राहिली नाही. डॅडी खुर्चीतून उठून उभे होते असं बॉइड सांगतो. मी वळून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर चुकले असते. निकालाच्या फळ्यावर तू पहिली आणि सगळ्यांत खाली माझं नाव, पुढे शून्य. मॅक्सीन आज सकाळी म्हणाली, "इतक्या लांब जाऊन शून्य घेऊन आलीस?" मी तिच्या डोक्याला जरा गरम पाणी लावलं.

मला अजूनही तुझा हेवा वाटतो. आधी नळीचा वाटत होता, आता हे सगळं तुला सुचलं याचा वाटतो. माझ्या मनगटांचा विचार तू हजार मैलांवरून केलास आणि मी तुझ्याविषयी काय केलं? ढाली पुसल्या. त्याही कधीकधी मुद्दाम ओल्या फडक्याने.

आता ऐक. तुझ्या नव्या पिस्तुलाची स्लाइड पाठव. टपालाने चालेल, पण तू घेऊन आलीस तर बरं, डॅडींना खुर्चीत बसून कुणाला तरी शिव्या द्यायला लागतात आणि माझ्याने सगळ्या खाववत नाहीत. मी काल त्यांना विचारलं, कानस मी धरते, डाग तुम्ही दाखवाल का? म्हणाले, "लिपस्टिक चांगल्यातली आण. मागच्या खेपेची बरी होती."

तर तुझी नळी मी बसवतेय. ती सरळ मारेल, एवढी जबाबदारी माझी. पण आधीच सांगून ठेवते, सहा इंचांवर एक सूतही जास्त मिळणार नाही.

डार्ला